सेक्रेटेरिएट या घोड्याची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेक्रेटेरिएट हा नेमका कोण, आणि त्याच्याबद्दल अजूनही इतके का बोलले जाते?

सेक्रेटेरिएट हा अमेरिकेतला थरोब्रेड जातीचा शर्यतीचा घोडा. ३० मार्च १९७० रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटेच झाली असताना, व्हर्जिनिया राज्यातल्या डॉसवेलजवळच्या ‘द मेडो’ या स्टड फार्मवर त्याचा जन्म झाला. १९७३ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस स्टेक्स आणि बेलमॉन्ट स्टेक्स या तिन्ही शर्यती जिंकून ‘ट्रिपल क्राउन’ मिळवला. हा मान त्याच्या आधी आठ घोड्यांना मिळाला होता आणि नंतरही काहींना मिळाला, पण तिन्ही शर्यतींतला वेळेचा विक्रम एकाच घोड्याच्या नावावर असणे आणि तो पन्नास वर्षांनंतरही तसाच टिकणे हे दुसऱ्या कोणाला साधलेले नाही.

त्याची कारकीर्द मात्र जेमतेम सोळा महिन्यांची होती. ४ जुलै १९७२ रोजी तो पहिल्यांदा धावला आणि २८ ऑक्टोबर १९७३ रोजी शेवटचा. एवढ्या काळात तो २१ शर्यतींत उतरला. त्यांतल्या १६ त्याने जिंकल्या, तीनदा तो दुसरा, एकदा तिसरा आणि एकदा चौथा आला. त्याची बक्षिसांची एकूण कमाई १३,१६,८०८ डॉलर होती. तो ‘कधीही न हरलेला’ घोडा होता असा समज बऱ्याच जणांचा असतो, तो खरा नाही. तो पाच वेळा विजेता ठरला नाही, आणि त्या पाच शर्यती समजून घेतल्याशिवाय उरलेल्या सोळांची किंमत नीट कळत नाही, असे माझे मत आहे.

थरोब्रेड म्हणजे काय, आणि ‘तीन वर्षांचा घोडा’ या शब्दांना शर्यतीत इतके महत्त्व का असते?

थरोब्रेड ही सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडवली गेलेली, वेगासाठी निवडून वाढवलेली घोड्यांची जात आहे. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशरेषा डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि गॉडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाते. उत्तर गोलार्धात जन्मलेल्या सर्व थरोब्रेड घोड्यांचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढले असे मानतात, मग प्रत्यक्ष जन्म फेब्रुवारीतला असो वा मे महिन्यातला. ट्रिपल क्राउनच्या तिन्ही शर्यती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. म्हणजे कोणत्याही घोड्याला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते, तीही पाच आठवड्यांच्या आत. वसंतात ताप आला किंवा पाय मुरगळला तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू असे म्हणण्याची सोय तिथे नसते.

त्याची मालकी नाणेफेकीवर ठरली होती, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. फक्त ती सांगताना बहुधा तिचा मधला भाग गाळला जातो.

सेक्रेटेरिएटचा बाप बोल्ड रूलर हा त्या काळातला सर्वांत मागणी असलेला प्रजननाचा घोडा होता आणि तो फिप्स कुटुंबाच्या मालकीचा होता. त्याच्यासाठी रोख फी घेण्याऐवजी ऑग्डेन फिप्स निवडक फार्मांशी वेगळाच करार करत. फार्मने दोन वर्षे दोन-दोन घोड्या पाठवायच्या, आणि होणारी शिंगरे दोन्ही पक्षांनी वाटून घ्यायची. कोणी आधी निवडायचे, हे नाणे उडवून ठरवायचे. नाणेफेक जिंकणाऱ्याला पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून आधी निवड करता येई, आणि हरणाऱ्याला दुसऱ्या वर्षी.

मेडोने पहिल्या वर्षी समथिंगरॉयल आणि हेस्टी मॅटेल्डा या घोड्या पाठवल्या आणि दोघींनाही १९६९ मध्ये शिंगरे झाली. दुसऱ्या वर्षी समथिंगरॉयलबरोबर सिकाडा गेली, पण ती गाभण राहिली नाही. त्यामुळे १९६९ मध्ये नाणेफेक झाली तेव्हा दोन्ही पक्षांना हिशेब स्पष्ट दिसत होता: नाणेफेक जिंकणाऱ्याच्या वाट्याला एकच शिंगरू येणार होते आणि हरणाऱ्याच्या वाट्याला दोन. म्हणजे ही नाणेफेक जिंकावी असे खरे तर कोणालाच वाटत नव्हते. फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलचे मादी शिंगरू घेतले. द ब्राइड नावाची ही घोडी पुढे चार शर्यती धावली आणि एकदाही पहिल्या पाचांत आली नाही. मेडोतर्फे नाणेफेकीला आलेल्या पेनी चेनेरी यांच्याकडे समथिंगरॉयलच्या पोटातले, अजून जन्माला न आलेले शिंगरू आले. तोच सेक्रेटेरिएट.

तो दिसायला कसा होता?

तांबूस सोनेरी रंगाचा. मराठीतल्या जुन्या अश्वपरीक्षेच्या भाषेत अशा घोड्याला ‘सुरंग’ म्हणतात. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता, टिळ्याखालून नाकाकडे उतरणारी बारीक पांढरी रेघ होती, आणि तीन पाय खालून पांढरे होते. छाती इतकी रुंद होती की त्याच्यासाठी खोगिराचा तंग खास बनवून घ्यावा लागे. मेडोचे रंग निळा आणि पांढरा. त्याच्या डोळ्यांवरची झापडेही त्याच निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची होती, आणि जुन्या छायाचित्रांत तो चटकन ओळखू येतो तो त्या झापडांमुळेच.

‘सेक्रेटेरिएट’ हे सरकारी कचेरीसारखे नाव घोड्याला कोणी दिले?

मेडोच्या कार्यालयाचे काम पाहणाऱ्या एलिझाबेथ हॅम यांनी. घोड्यांची नावे नोंदवणाऱ्या जॉकी क्लबने आधी पाठवलेली अनेक नावे नाकारली होती, तेव्हा हॅम यांनी आपल्या पूर्वीच्या नोकरीची आठवण म्हणून हे नाव सुचवले आणि ते मंजूर झाले. तबेल्यात मात्र त्याला ‘बिग रेड’ म्हणत. हेच टोपणनाव त्याच्या आधी मॅन ओ’ वॉर या घोड्याचे होते, त्यामुळे जुने लेख वाचताना कोणत्या बिग रेडबद्दल चालले आहे ते पाहून घ्यावे लागते.

पहिल्याच शर्यतीत तो हरला, ते कसे?

४ जुलै १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट रेसकोर्सवर साडेपाच फर्लांगांची (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) शर्यत होती. गेट उघडताच शेजारचा घोडा त्याच्यावर आदळला आणि तो मागच्या गर्दीत अडकला. त्यातून वाट काढत तो चौथा आला, विजेत्यापासून अवघ्या सव्वा लेंग्थवर (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). पुढच्या कोणत्याही शर्यतीत तो पहिल्या तिघांच्या मागे राहिला नाही.

दोन वर्षांचा असताना तो नऊ शर्यती धावला आणि त्यांतल्या सात जिंकल्या. त्या वर्षीच्या शॅम्पेन स्टेक्समध्येही रेषा त्यानेच आधी ओलांडली होती, पण धावताना तो स्टॉप द म्युझिक या घोड्याच्या वाटेत घुसला असा निर्णय देऊन स्ट्युअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याला दुसऱ्या क्रमांकावर उतरवले. तरीही १९७२ चा ‘हॉर्स ऑफ द इयर’ हा सन्मान त्यालाच मिळाला. तो सहसा वयाने मोठ्या घोड्यांकडे जातो, दोन वर्षांच्या घोड्याला क्वचितच मिळतो.

डर्बी धावण्याआधीच त्याच्यावर साठ लाख डॉलर लावले गेले, ते का?

पेनी चेनेरी यांचे वडील आणि मेडोचे संस्थापक क्रिस्टोफर चेनेरी जानेवारी १९७३ मध्ये वारले. इस्टेटीवरचा कर मोठा होता आणि तो भरण्यासाठी रोख रक्कम हवी होती. घोडा सरळ विकला असता तर कराची सोय झाली असती, पण घोडा हातचा गेला असता. पेनी यांनी दुसरा मार्ग निवडला. केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मचे तरुण प्रमुख सेथ हॅन्कॉक यांनी घोड्याच्या प्रजननहक्काचे ३२ वाटे केले आणि प्रत्येक वाटा १,९०,००० डॉलरना विकला. एकूण रक्कम झाली ६०,८०,००० डॉलर. त्याआधीचा विक्रम निजिन्स्की या घोड्याचा होता, ५४,४०,००० डॉलरचा.

या करारात एक अट होती आणि संपूर्ण कारकिर्दीवर तिची सावली आहे: तीन वर्षांचा हंगाम संपला की घोडा शर्यतीतून निवृत्त होणार. म्हणजे त्याची शेवटची तारीख त्याने डर्बीच्या मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच ठरलेली होती. आयुष्यभरात मैदानावर त्याने मिळवलेली बक्षिसे या रकमेच्या पाव हिश्शाइतकीही भरत नाहीत, हे पाहिले म्हणजे ती अट का घातली गेली ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वुड मेमोरियल शर्यतीत तो तिसरा आला, तेव्हा नेमके काय बिघडले होते?

डर्बीच्या दोन आठवडे आधी, २१ एप्रिल १९७३ रोजी झालेली ही शर्यत. त्याआधीच्या काही आठवड्यांत त्याने बे शोअर आणि गॉथम या शर्यती जिंकल्या होत्या आणि गॉथममध्ये मैलाच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. वुड मेमोरियलमध्ये मात्र अँगल लाइट पहिला आला, शाम दुसरा आणि सेक्रेटेरिएट तिसरा. गंमत अशी की अँगल लाइटही सेक्रेटेरिएटचे ट्रेनर लुसिएन लॉरिन यांच्याच तबेल्यातला होता, त्यामुळे लॉरिन यांच्यावर विजयी ट्रेनर म्हणून हसावे की पराभूत ट्रेनर म्हणून गप्प बसावे अशी पाळी आली.

कारण अगदी लहान होते. घोड्याच्या वरच्या ओठाच्या आत एक गळू झाले होते. लगामाची कडी तोंडात असते आणि जॉकी घोड्याशी बोलतो तो त्या कडीतून. लगाम ताणला की कळ येई आणि घोडा डोके वर झटके, त्यामुळे जॉकी रॉन टर्कॉट जेव्हा वेग मागत होता, तेव्हा घोड्याला त्यातून फक्त दुखणे कळत होते. गळू फुटून बरे झाले आणि भूक परतली. बाहेरच्या जगाला मात्र हे माहीत नव्हते. बोल्ड रूलरची संतती मैलापर्यंत वेगवान असते, पण सव्वा मैलाला तिचा दम टिकत नाही, असे जाणकार आधीपासून म्हणत होते. या पराभवाने त्यांना हवा तो पुरावा मिळाल्यासारखे झाले. समथिंगरॉयलचा बाप प्रिन्सक्विलो हा दमदार संततीसाठी प्रसिद्ध होता, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

केंटकी डर्बीतल्या त्याच्या धावण्यात असामान्य काय होते?

५ मे १९७३ रोजी त्याने सव्वा मैलाचे अंतर १ मिनिट ५९.४ सेकंदांत कापले आणि शामला अडीच लेंग्थनी मागे टाकले. डर्बी दोन मिनिटांच्या आत जिंकणारा तो पहिला घोडा. पण खरी नवलाई एकूण वेळेत नाही, ती टप्प्यांच्या वेळेत आहे. शर्यतीचे पाव-पाव मैलाचे पाच टप्पे त्याने अनुक्रमे २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंदांत पूर्ण केले. म्हणजे प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यापेक्षा वेगाने. सव्वा मैलाच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याला घोडे थकतात. जो पुढे येताना दिसतो तो बहुतेक वेळा वेग वाढवत नसतो, इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. इथे घोडा शेवटच्या पाव मैलातही खरोखरच वेग वाढवत होता.

प्रीकनेसच्या वेळेचा वाद काय होता, आणि तो मिटायला ३९ वर्षे का लागली?

१९ मे १९७३ रोजी बॉल्टिमोरच्या पिमलिको रेसकोर्सवर तो सुरुवातीला सर्वांत मागे होता. पहिल्या वळणावरच टर्कॉटने त्याला बाहेरच्या बाजूने मोकळे सोडले आणि वळण संपून समोरची सरळ वाट लागली तशी त्याने आघाडी घेतली. वळणावर वेग वाढवणे म्हणजे जास्त अंतर कापून शक्ती घालवणे, असे जॉकीला शिकवलेले असते. ही चाल अंगलट आली असती तर टर्कॉटला जन्मभर ऐकून घ्यावे लागले असते. शाम पुन्हा दुसरा आला आणि अंतर पुन्हा अडीच लेंग्थच होते.

मैदानावरच्या विद्युत घड्याळाने वेळ दाखवली १ मिनिट ५५ सेकंद. पिमलिकोच्या अधिकृत वेळ-नोंदकाच्या हातातल्या घड्याळात १ मिनिट ५४.४ सेकंद होते, तर ‘डेली रेसिंग फॉर्म’ या शर्यतीच्या वृत्तपत्राच्या दोन नोंदकांनी स्वतंत्रपणे १ मिनिट ५३.४ सेकंद अशी नोंद केली होती. विद्युत घड्याळ चुकले हे मान्य झाले आणि अधिकृत वेळ १ मिनिट ५४.४ सेकंद ठरवली गेली. पण तेवढ्याने विक्रम होत नव्हता, आणि वाद तसाच राहिला. पेनी चेनेरी यांनी तो सोडला नाही. अखेर जून २०१२ मध्ये मेरीलँड रेसिंग कमिशनने चित्रफितींचे नव्याने केलेले मोजमाप तपासून अधिकृत वेळ १ मिनिट ५३ सेकंद केली, आणि घोडा जाऊन तेवीस वर्षे झाल्यावर तिसरा विक्रमही त्याच्या नावावर चढला.

बेलमॉन्टमध्ये तो ३१ लेंग्थनी जिंकला, म्हणजे प्रत्यक्षात काय झाले?

एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, साधारण आठ फूट. ३१ लेंग्थ म्हणजे अडीचशे फुटांच्या आसपासचे अंतर. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याला विजेता आणि त्याच्या मागचा घोडा एकाच चौकटीत ठेवण्यासाठी दृश्य सतत मोठे करावे लागत होते, आणि शेवटी तेही जमेना.

९ जून १९७३ ला दीड मैलाच्या या शर्यतीत पाचच घोडे होते, कारण बाकीच्यांनी अंगावर ओढवून घेण्यात अर्थ नाही असे ठरवले होते. गेट उघडल्यापासून सेक्रेटेरिएट आणि शाम खांद्याला खांदा लावून सुटले. पहिला पाऊण मैल १ मिनिट ९.८ सेकंदांत गेला. हा वेग छोट्या अंतराच्या शर्यतीला शोभणारा होता, आणि अजून तेवढेच अंतर शिल्लक होते. पाहणाऱ्या बहुतेक जाणकारांना वाटले की दोघेही आत्मघात करत आहेत. शामच्या बाबतीत ते खरे ठरले. तो मागे पडत गेला आणि पाचही घोड्यांत शेवटचा आला. सेक्रेटेरिएटची लय मात्र मोडली नाही. समालोचक चिक अँडरसन यांनी त्याला प्रचंड यंत्राची उपमा दिली ती याच क्षणी.

शेवटच्या सरळ वाटेवर टर्कॉटपाशी हरवण्यासाठी कोणीच उरले नव्हते. त्या वेळचे एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. घोडा पुढे झेपावतो आहे, जॉकीने मान डावीकडे वळवली आहे, आणि तो मागच्या घोड्यांकडे नव्हे, तर मैदानाच्या मध्यावरच्या वेळफलकाकडे पाहतो आहे. आपण विक्रमाच्या किती पुढे आहोत, हे त्याला तिथे आकड्यांत दिसत होते. वेळ झाली २ मिनिटे २४ सेकंद. आधीचा विक्रम १९५७ मध्ये गॅलंट मॅनने केलेला, २ मिनिटे २६.६ सेकंदांचा होता. त्या १९५७ च्या शर्यतीत दमून तिसरा आलेला घोडा होता बोल्ड रूलर, म्हणजे सेक्रेटेरिएटचा बाप. बापाला जे अंतर झेपले नाही, त्याच अंतरावर आणि त्याच मैदानावर मुलाने तो विक्रम अडीच सेकंदांहून अधिक फरकाने मोडला.

ट्रिपल क्राउनला १९४८ च्या सायटेशननंतर पंचवीस वर्षे कोणी मिळालेला नव्हता. भाव इतका पडला होता की दोन डॉलरच्या तिकिटावर विजेत्याला २.२० डॉलर मिळत होते. तरीही ५,६१७ विजयी तिकिटे वटवलीच गेली नाहीत. लोकांनी ती आठवण म्हणून ठेवून घेतली.

शाम हा घोडा खरोखर चांगला होता की केवळ नावापुरता प्रतिस्पर्धी?

फार चांगला होता. डर्बीत त्याने गेटवर तोंड आपटून घेतले होते, दात दुखावले होते, आणि तरीही तो ज्या वेळेत धावला ती, मागच्या अंतरावरून काढलेल्या अंदाजानुसार, दोन मिनिटांच्या आतच भरते. त्याआधीच्या कोणत्याही वर्षी ती वेळ डर्बी जिंकायला पुरेशी ठरली असती. बेलमॉन्टनंतर त्याच्या पायाचे हाड मोडले आणि तो पुन्हा धावला नाही. दुसऱ्याच वर्षी जन्मला असता तर, हा विचार शामबद्दल वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

ट्रिपल क्राउननंतर तो दोनदा हरला. त्याची कारणे काय होती?

दोन्ही पराभव ॲलन जर्केन्स या एकाच ट्रेनरच्या घोड्यांकडून झाले. ४ ऑगस्टला साराटोगा येथील व्हिटनी शर्यतीत ओनियनने त्याला एका लेंग्थने हरवले. त्या वेळी त्याच्या अंगात विषाणूजन्य ताप होता, तो शर्यतीनंतर स्पष्ट झाला. २९ सप्टेंबरच्या वुडवर्ड शर्यतीत खरे तर त्याच्याच तबेल्यातला रिव्हा रिज उतरणार होता. पण पाऊस पडून मैदान चिखलाचे झाले, रिव्हा रिजला चिखल मानवत नसे, आणि ऐन वेळी सेक्रेटेरिएटला पुढे केले गेले. तो त्या वेळी दुसऱ्याच शर्यतीची तयारी करत होता. प्रूव्ह आउटने त्याला साडेचार लेंग्थनी हरवले.

ताप आणि चिखल ही कारणे खरी आहेत, पण त्यांच्या आड जर्केन्स यांचे श्रेय झाकू नये. कोणता घोडा कोणत्या दिवशी उतरवायचा आणि त्याला कसा पळवायचा, हे त्यांनी अचूक जोखले होते.

या दोन पराभवांच्या मध्ये, १५ सप्टेंबरला, मार्लबरो कप झाला. तिथे सेक्रेटेरिएटने एक मैल एक फर्लांग १ मिनिट ४५.४ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. दुसरा आला रिव्हा रिज, म्हणजे १९७२ च्या डर्बीचा आणि बेलमॉन्टचा विजेता.

तो गवतावर का धावला?

अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती मातीच्या वाटेवर होतात, युरोपातल्या गवतावर. लॉरिन यांना त्याला दोन्हीकडे आजमावून पाहायचे होते. ८ ऑक्टोबरच्या मॅन ओ’ वॉर स्टेक्समध्ये तो प्रथमच गवतावर शर्यत धावला आणि दीड मैलाचा त्या मैदानाचा विक्रम करून जिंकला. शेवटची शर्यत टोरंटोच्या वुडबाइनवर झाली. लॉरिन आणि टर्कॉट दोघेही कॅनडाचे, त्यामुळे निरोपासाठी ही जागा शोभून दिसली, पण टर्कॉट त्या वेळी एका निलंबनामुळे धावू शकला नाही आणि खोगिरावर एडी मेपल बसला. २८ ऑक्टोबरचा तो दिवस थंड आणि ओला होता. वळणावरून पुढे निघालेल्या घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफेचे लोट निघत होते, आणि तो साडेसहा लेंग्थनी जिंकला.

तो इतक्या जोरात असताना आणखी एक वर्ष का धावला नाही?

वर सांगितलेल्या करारामुळे. त्याच्या पायांना काहीही झालेले नव्हते आणि वेळाही उतरणीला लागल्या नव्हत्या. चार वर्षांचा सेक्रेटेरिएट कसा धावला असता, हे पाहायला मिळाले नाही याची रुखरुख मलाही वाटते. पण तो करार नसता तर कदाचित घोडाच विकला गेला असता, आणि १९७३ चा वसंत वेगळ्याच हातांत गेला असता. ६ नोव्हेंबरला ॲक्विडक्टवर त्याला प्रेक्षकांसमोर शेवटचे फिरवून आणले आणि लवकरच तो रिव्हा रिजसह विमानाने केंटकीला गेला.

त्याच्या रोजच्या देखभालीतला माणूस कोण होता?

एडी स्वेट. शर्यतीच्या इतिहासात मालक, ट्रेनर आणि जॉकी यांची नावे येतात, पण घोड्याच्या अंगावर दिवसभर ज्याचा हात असतो तो मोतद्दार असतो. पाय थंड पाण्याने शेकणे, पट्ट्या बांधणे, खूर खरवडणे, किती दाणा खाल्ला आणि किती टाकला ते पाहणे, ही सगळी कामे स्वेट करत, आणि केंटकीच्या प्रवासातही तेच बरोबर होते. केंटकी हॉर्स पार्कमधल्या सेक्रेटेरिएटच्या पुतळ्यात टर्कॉट खोगिरावर आहे आणि लगाम धरून चालणारा माणूस एडी स्वेट आहे. हे योग्यच झाले.

प्रजननासाठी तो अयशस्वी ठरला, असे म्हणतात. ते बरोबर आहे का?

अर्धेच बरोबर आहे. दुसरा सेक्रेटेरिएट जन्माला येईल या आशेने ज्यांनी पैसे लावले, त्यांची निराशा झाली. तरी त्याच्या मुलांत १९८८ ची प्रीकनेस आणि बेलमॉन्ट जिंकणारा रायझन स्टार होता, १९८६ ची ‘हॉर्स ऑफ द इयर’ लेडीज सीक्रेट होती, आणि १९९० चा मेलबर्न कप जिंकणारा किंगस्टन रूल होता. त्याचा खरा वारसा मात्र मुलींकडून पुढे गेला. टर्लिंगुआचा मुलगा स्टॉर्म कॅट, सीक्रेटेमचा मुलगा गॉन वेस्ट आणि वीकेंड सरप्राइजचा मुलगा ए. पी. इंडी हे तिघेही अमेरिकी थरोब्रेडच्या पुढच्या पिढ्या घडवणारे घोडे ठरले, आणि तिघांच्याही आईचा बाप सेक्रेटेरिएट.

त्याचे हृदय नेहमीच्या घोड्यापेक्षा दुपटीने मोठे होते का?

१९८९ च्या शरदात त्याला लॅमिनायटिस झाला. खुराच्या आत हाडाला भिंतीशी जोडणारे थर सुजतात आणि घोड्याला उभे राहणेच असह्य होते, असा हा आजार. उपचार लागू पडले नाहीत आणि ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला शांतपणे मरण देण्यात आले. शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस स्वर्चेक यांना त्याचे हृदय निरोगी, पण विलक्षण मोठे दिसले. नेहमी सांगितला जाणारा २२ पौंडांचा आकडा हा मोजलेला नाही. त्यांनी ते हृदय वजन करून पाहिले नव्हते. पुढे १९९३ मध्ये शामचे हृदय तपासले तेव्हा ते १८ पौंड भरले, आणि सेक्रेटेरिएटचे त्याहूनही मोठे होते या आठवणीवरून हा अंदाज सांगितला गेला. सर्वसाधारण थरोब्रेडचे हृदय साडेआठ पौंडांच्या आसपास असते. म्हणजे दुपटीहून मोठे म्हणणे चुकीचे नाही, पण नेमका आकडा ठामपणे सांगू नये.

शर्यतीच्या घोड्यांचे बहुधा डोके, हृदय आणि खूर एवढेच पुरण्याचा प्रघात आहे. सेक्रेटेरिएटला क्लेबोर्न फार्मवर संपूर्ण पुरले.

त्याचे विक्रम मोडण्याच्या जवळ कोणी आले आहे का?

डर्बीत २००१ मध्ये मोनार्कोस २ मिनिटांच्या आत विजयी झाला, १ मिनिट ५९.९७ सेकंदांत. प्रीकनेसमध्ये २०२० साली स्विस स्कायडायव्हर या घोडीने १ मिनिट ५३.२८ सेकंदांत विजय मिळवला, म्हणजे तिथे फरक पाव सेकंदाच्या आसपासच उरला. बेलमॉन्टची गोष्ट निराळी आहे. २०२० मध्ये ही शर्यत कमी अंतराची झाली आणि २०२४ पासून, मैदानाच्या पुनर्बांधणीच्या काळात, ती साराटोगाला सव्वा मैलाची धावली गेली, त्यामुळे त्या वेळा तुलनेला घेता येत नाहीत. दीड मैलाच्या बेलमॉन्टमध्ये त्याच्यानंतरची सर्वोत्तम वेळ २ मिनिटे २६ सेकंद आहे, आणि ती दोन घोड्यांच्या नावावर आहे. एक १९८९ चा ईझी गोअर. दुसरा १९९२ चा ए. पी. इंडी, वीकेंड सरप्राइजचा मुलगा. तो आजोबापेक्षा दोन सेकंद मागे राहिला, म्हणजे त्या वेगाला जवळजवळ दहा लेंग्थ.